नेपाळला जा, पण बालगृहात नको

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. मुलगी यंदा आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. त्या लहान असतानाच त्यांचे आईवडील वारले आणि मामा-मामींनी त्यांना वाढवलं. पोरक्या मुलांचा विषय निघाला की त्यांचे डोळे भरून यायचे. म्हणून त्यांच्या वर्षश्राद्धाला नेहमीसारखं अन्नदान न करता त्यांच्या नावाने काहीतरी खरं काम करावं, असं आम्हा नवरा-बायकोला वाटलं. एका एजन्सीकडून काठमांडूजवळच्या बालगृहात दहा दिवस सहकुटुंब सेवा करण्याचा कार्यक्रम कळला. माणशी 38 हजार रुपये, राहणं-जेवण त्यातच, शेवटचे दोन दिवस पोखरा. मी तिथल्या मुलांना इंग्रजी आणि गाणी शिकवायची, आमची मुलं त्यांच्याशी खेळतील. वीस हजार आगाऊ भरलेत. माझी बहीण म्हणते हे बरोबर नाही, पण का ते तिला धड सांगता येत नाही. आम्ही चांगल्या मनानेच चाललोय. मुलीला तर आत्तापासून मे महिन्याचे वेध लागलेत. यात गैर काय आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. तो कार्यक्रम रद्द करा. नेपाळला जरूर जा, सासूबाईंच्या नावाने पैसेही खर्च करा, पण बालगृहात राहायला जाऊ नका. तुमच्या बहिणीला जे जाणवलं ते बरोबर आहे. ते का बरोबर, हे जरा सविस्तर लिहिते. नुसतं ‘नको’ म्हटलं तर तुमच्या मुलीचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

नेपाळचा नकाशा समोर घ्या. देशात गरिबी सगळ्यात जास्त कुठे? वायव्येला, कर्णालीच्या डोंगरात. हुम्ला, मुगू, जुम्ला, कालिकोट या जिल्ह्यांत. हुम्लाचं मुख्य ठाणं सिमिकोट. तिथे वर्षानुवर्षं गाडीरस्ता नव्हता. नेपाळगंजहून छोट्या विमानाने जायचं, नाहीतर कित्येक दिवस चालत. आता बालगृहं कुठे आहेत ते पाहा. देशात 75 जिल्हे होते तेव्हाच्या नोंदी सांगतात की बालगृहांपैकी साधारण 90 टक्के फक्त पाच जिल्ह्यांत होती : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की, आणि चितवन. म्हणजे जिथे तुम्ही-आम्ही फिरायला जातो तिथेच. पशुपतिनाथ, फेवा तलाव, गेंड्यांचं अभयारण्य आणि त्यांच्या आसपास बालगृहं. अनाथ मुलं पर्यटनाच्या नकाशाबरहुकूम जन्माला येत नाहीत. त्यांना कुणीतरी तिथे आणलेलं असतं.

आणि त्यातली बहुतेक अनाथ नसतात. युनिसेफसकट अनेक संस्थांनी वारंवार सांगितलंय की नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे 85 टक्के मुलांचे आईवडील दोघे किंवा निदान एक तरी हयात आहे.

हे घडलं कसं? 1996 ते 2006 अशी दहा वर्षं तिथे माओवाद्यांचं युद्ध चाललं. डोंगरातल्या गावांतून पोरं उचलून फौजेत नेली जात होती. अशा वेळी एखादा ओळखीचा, शहरात उठबस असलेला माणूस घरी यायचा. मुलाला काठमांडूला नेतो, इंग्रजी शाळेत घालतो, सुखरूप ठेवतो म्हणायचा. आईबाप त्याच्या हातावर पैसे ठेवायचे, त्यासाठी जमीन विकायचे, कर्ज काढायचे. पोटचं पोर जिवंत राहावं, चार अक्षरं शिकावं, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा काठमांडूला पोचेपर्यंत त्याचे आईबाप कागदोपत्री मेलेले असायचे. अंगठा उठवून घेतलेला कागद, खोटे दाखले. वाहन नाही, फोन नाही, मग शोधायला येणार कोण आणि कसं?

कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण काठमांडू खोऱ्यातल्या गोदावरी गावच्या बालगृहात तुमच्यासारखाच सेवा करायला गेला होता. ही मुलं अनाथ आहेत, असंच त्याला सांगितलेलं. एक दिवस एक बाई आली. तिथल्या दोन भावांची ती आई निघाली. त्यानंतर तो मुलांचे फोटो खिशात घालून हुम्लाच्या गावागावांतून पायी फिरला आणि घरचे लोक भेटत गेले. 2006 मध्ये त्याने नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था काढली, ती मुलांना घरच्यांशी जोडण्यासाठी. त्याची गोष्ट मुद्दाम सांगतेय. तो वाईट मनाने गेला नव्हता, तुम्हीही जात नाही आहात. पण आपलं मन चांगलं असलं म्हणून समोरच्या मुलाचं भलं होतंच असं नाही. मुलाचं काय होतं ते त्याच्या बाजूनेच बघावं लागतं.

युद्ध संपलं, पण दलालांचं काम थांबलं नाही. कारण तोवर पैसा दुसरीकडून यायला लागला होता : पाहुण्यांकडून. बालगृहात परदेशी माणसं येतात, फी भरतात, रडतात, घरी गेल्यावर दर महिन्याला पैसे पाठवतात. हे चालू राहायचं तर खोल्यांत मुलं हवीत. लहान हवीत, गोड हवीत आणि थोडी केविलवाणीही दिसायला हवीत. काही ठिकाणी मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत ठेवल्याचं, आलेली खेळणी पाहुणे गेल्यावर काढून घेतल्याचं उघड झालंय. फार चांगली व्यवस्था दिसली तर पाहुण्याचा हात आखडतो, हे चालवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. कंबोडियातही तेच झालं. अंकोरवाट बघायला जाणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, आणि 2005 ते 2010 या पाच वर्षांत तिथली अनाथालयं 75 टक्क्यांनी वाढली. तेव्हा तिथे ना युद्ध होतं, ना मोठी साथ. तिथल्याही जवळजवळ 80 टक्के मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. शेवटी 2011 मध्ये फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने पर्यटकांसाठीच मोहीम काढली की मुलं ही बघण्याची ठिकाणं नाहीत.

2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला हीच भीती वाटली. आईबाप किंवा मान्य पालक बरोबर नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंधन आलं, परदेशी दत्तक थांबलं, नव्या बालगृहांची नोंदणी थांबली. 2018 च्या त्यांच्या बालकायद्यात क्रम असा की आधी नातेवाईक, मग सांभाळ करायला तयार असलेलं दुसरं कुटुंब, आणि कुठेच काही जमलं नाही तर संस्था. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 मध्ये या प्रकाराची चौकशी करून त्याला मुलांची तस्करीच म्हटलं. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सगळ्या देशांना सांगितलं की अनाथालयांतल्या सेवा-सहलींमुळे होणारं नुकसान रोखा. एजन्सीच्या माहितीपत्रकात यातलं काही तुम्हाला सापडणार नाही. शिवाय नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बिनपगारी कामही करता येत नाही. आपल्याला व्हिसाच लागत नाही, त्यामुळे आपल्याला कुणी अडवून विचारत नाही एवढंच.

आता दहा दिवसांच्या लळ्याबद्दल. तुमच्या पत्रात हे वाक्य नाही, पण मनात आहे असं मला वाटतं : आईबाप असोत-नसोत, ती मुलं आज तिथे आहेत ना, मग दहा दिवस प्रेम दिलं तर बिघडलं कुठे?

मी समुपदेशक म्हणून आपल्याकडच्या बालगृहांत काम केलंय. एका ठिकाणी सहा वर्षांचा एक मुलगा होता. रविवारी कुणी ना कुणी वाढदिवसाचा केक घेऊन यायचं. हा सगळ्यात पुढे. पहिल्या भेटीतच कडेवर चढायचा, गळ्यात हात टाकायचा, गाडी कोणती म्हणून विचारायचा. येणारे विरघळून जायचे, किती प्रेमळ आहे म्हणायचे. एकदा तो झोपाळ्यावरून पडला, हनुवटी फुटली. रक्त वाहत होतं. तो हनुवटी हातात धरून भिंतीशी जाऊन बसला. रडला नाही, कुणाला हाक मारली नाही. अंगणात चार मोठी माणसं होती. तुमचा तिसरीतला मुलगा पडला तर काय करतो? अख्खी सोसायटी गोळा होईल असा ओरडत तुमच्याकडे येतो. त्याच्याकडे हाक मारायला माणूस आहे. या मुलाने आल्यागेल्या शेकडो लोकांना मिठी मारली होती, आणि दुखलं तेव्हा त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

दिसेल त्या अनोळखी माणसाला बिलगणं हे प्रेमळपणाचं लक्षण समजू नका. संस्थेत वाढलेल्या मुलांत ते वारंवार दिसतं, आणि ते नुकसानीचं लक्षण आहे. रुमानियात चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत कोंडलेली हजारो मुलं जगासमोर आली. पुढे 2000 पासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या 136 लहानग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. निम्म्यांना सांभाळ करणारी कुटुंबं मिळवून दिली, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, भाषेने, माणसांशी जोडून घेण्यात पुढे गेली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा फायदा सगळ्यात जास्त. पोटभर जेवण आणि स्वच्छ कपडे दोन्हीकडे देता येतात. तेच तेच माणूस रोज समोर असणं, हे घराइतकं दुसरीकडे कुठे मिळत नाही.

मग विचार करा, दर पंधरवड्याला नवी दिदी येते, नवा दाइ, म्हणजे दादा, येतो. गाणी शिकवतात, केस विंचरतात, रात्री गोष्ट सांगतात. मुलाचा जीव जडला की सामान बांधतात. तुमच्या आधीच्या कुटुंबाने हेच केलेलं असतं, तुमच्या नंतरचं हेच करणार असतं. तुमच्यासाठी ते आयुष्यभराची आठवण असेल. त्या मुलासाठी त्या वर्षातला तो कितवा निरोप असेल कोण जाणे.

तुम्ही शिक्षिका आहात, तर आणखी एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. उद्या तुमच्या शाळेत एक अनोळखी कुटुंब आलं, मुख्याध्यापिकांच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणालं, ‘आम्हाला शिकवण्याचा अनुभव नाही, मुलांची भाषा येत नाही, पण दहा दिवस दुसरीचा वर्ग आमच्याकडे द्या. मुलांना आंघोळ घालू, त्यांच्याबरोबर राहू, फोटोही काढू.’ तुम्ही काय कराल? रिक्षावाल्या काकांचीसुद्धा पोलीस पडताळणी मागणारी शाळा तुमची. एजन्सीने तुम्हा चौघांची कसली पडताळणी केली? पैसे भरले की जागा पक्की, एवढंच ना? मग जो दरवाजा तुम्हाला इतक्या सहज उघडला तो आणखी कुणाकुणाला उघडला असेल? मला या प्रश्नाने सगळ्यात जास्त घोर लागतो. मुलांना इजा करणारी माणसंही हसतमुखाने, खाऊ घेऊन, सेवा करायला म्हणूनच येतात.

सगळी बालगृहं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. खरोखर कुणीच नसलेली मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी आयुष्य वेचणारी माणसं नेपाळात आहेत, आपल्याकडेही आहेत. पण अशी माणसं पाहुण्याला दहा दिवस मुलांच्यात राहू देत नाहीत. ती विचारतात : तुम्ही वर्षभर याल का? आमच्या ताई-मावशींना काही शिकवाल का? मुलाच्या गावाहून त्याच्या आजीला भेटीला आणायचं भाडं द्याल का? एजन्सीला फोन करालच, तेव्हा विचारून बघा की गेल्या वर्षात या बालगृहातली किती मुलं घरी परतली. उत्तराची सुरुवात ‘म्हणजे?’ अशी झाली तर ओळखा.

आता पैशांचा हिशोब. चौघांचे 1 लाख 52 हजार. सासूबाईंबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात, ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्या पोरक्या झाल्या, पण अनाथालयात गेल्या नाहीत. एका मामीने आपल्या ताटातली भाकरी अर्धी केली. त्यांच्या नावाने काही करायचं तर मदत त्या मामीसारखीला पोचली पाहिजे, आज जी कुठेतरी नणंदेचं पोर सांभाळतेय किंवा नवरा गेल्यावर एकटीने दोन मुलं वाढवतेय. अशा बाईचा धीर सुटतो तेव्हाच मूल संस्थेत जातं.

आपल्या राज्यात याच कामासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील वारलेले, सोडून गेलेले, मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले, किंवा मूल नातेवाइकांकडे वाढतंय, अशा मुलांना ती लागू होऊ शकते. 2023 मध्ये तिची रक्कम महिन्याला 1,100 वरून 2,250 रुपये झाली. वर्षाचे होतात 27 हजार. म्हणजे तुमच्या सहलीच्या पैशात एक मूल साडेपाच वर्षं आपल्या माणसात राहतं. तुमच्या शाळेत अशी मुलं आहेत, आणि ती कोण हे हजेरीपट न बघताही तुम्हाला सांगता येईल. अनेक आयांना ही योजनाच माहीत नसते. माहीत असली तर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, बँकेचं खातं यात महिने जातात, रोजंदारी बुडते. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज जातो, बालकल्याण समितीसमोर मूल न्यावं लागतं. त्या आयांबरोबर तुम्ही गेलात, कागद पुरे करून दिलेत, पैसे हातात पडेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत घरभाड्याला किंवा किराण्याला सासूबाईंच्या नावाने हात दिलात, तर ते काम कुठल्याही दहा दिवसांच्या सेवेपेक्षा मोठं आहे. आणि ते तुम्हाला येतं. परक्या भाषेतल्या मुलांना गाणी शिकवायला तुमच्यापेक्षा नेपाळी शिक्षिका शंभर पटीने बऱ्या.

सहलीचं म्हणाल तर ती मोडू नका. मुलांनी नेपाळ बघावं, आणि तिथलं घर बघावं. लमजुङमधलं घलेगाउँ, स्याङ्जातलं सिरुबारी, पोखऱ्यावरून जाता येतं ते घान्द्रुक, अशा गावांत लोक आपल्या घरी पाहुणे ठेवतात. चुलीशेजारी बसून गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) आणि ढिंडो (पिठाचा घट्ट उकडलेला गोळा) खायचा, सकाळी घरच्यांबरोबर शेतात जायचं. तुमचे पैसे एका आईच्या हातात पडतील, आणि घरात कमाई असली की मूल दलालाबरोबर पाठवावं लागत नाही. तिथल्या मुलांशी तुमची मुलं खेळतीलच. फरक इतकाच की ती मुलं त्यांच्या घरी असतील आणि तुम्ही त्यांचे पाहुणे असाल.

तिथेही मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढलेत तर स्टेटसवर टाकू नका. आपल्याकडे तर बालन्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाला अनाथाश्रमात जाऊन मुलांच्या रांगेसमोर फोटो काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही तुमच्या ओळखीत सांगा. अन्नदान करायचंच असेल तर शिधा पोचवा आणि परत या. मुलांना ओळीत उभं करून श्लोक म्हणायला लावू नका.

राहिली मुलगी. तिला खरं सांगा. आठवीतली मुलगी हे सगळं समजून घेऊ शकते, लपवलंत तर मात्र तिला वाटेल की आईबाबांनी शब्द फिरवला. नकाशा तिच्यासमोर ठेवा, हुम्ला दाखवा, पाच जिल्हे दाखवा, आणि बालगृहं तिथेच का असतील हे तिलाच विचारा. ती चिडेल, कदाचित रडेलही. रडू द्या. कुणासाठी तरी काही करावं ही तिची ओढ खरी आहे, तिला मे महिन्याच्या दहा दिवसांत बसवू नका. तुमच्या इमारतीत किंवा शेजारच्या वस्तीत एखादी लहान मुलगी असेल, जिला वाचताना अडखळायला होतं. तिच्या आईला विचारून, तिच्याच घरी, दर शनिवारी तासभर तिच्याबरोबर वाचायला बसेल का, विचारा. पण वर्षभर जमणार असेल तरच हो म्हणायला सांगा.

आगाऊ भरलेल्या वीस हजारांपैकी जे परत मिळतील ते घ्या, उरलेल्यांसाठी भांडत बसू नका आणि त्या पैशांपायी जाण्याचा विचारही करू नका. एजन्सीला रद्द करण्याचं कारण मात्र लेखी कळवा. चार ओळी पुरे. बालगृहाच्या सहलीऐवजी गावातल्या घरांत राहण्याची सहल काढाल का, हेही विचारा. गिऱ्हाईक काय मागतं यावर हा धंदा चालतो, आणि अशी पत्रं जमायला लागली की कार्यक्रम बदलतात. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या, त्यांना काही पटलं नाही तर मला जरूर लिहा. आणि जून महिन्यात शाळा उघडली की बालसंगोपनचे कोरे अर्ज आधीच आणून ठेवा. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात याच दिवसांत रांगा लागतात.